वापर कमी

दादाची हॉकी विकायला काढली,
तेव्हा पहिल्यांदा तिचं वजन केलं.
सहाशे दहा ग्रॅम.
एकतीस वर्षं लष्करच्या पोस्टात पार्सलं तोलली
काट्यावर बोट न टेकवता,
सवय जात नाही.

लिलावाचा फॉर्म विचारतो: वस्तूची स्थिती?
लिहिलं: लाकूड तुतीचं. पंज्याला केसाएवढी चीर,
फोटो क्रमांक चार, मोठा करून पाहावा.
मुठीवरची पट्टी मूळची, घामाने काळी.
अकरा सह्या, त्यांतल्या नऊ वाचता येतात.
सातवी सही खरी आहे, पण पुसट होत चालली म्हणून
मी, वय वर्षं दहा, तिच्यावरून निळं बॉलपेन फिरवलं.
त्यावरून दादाने मारलं होतं.
(हे वाक्य लिहून खोडलं.
घेणाऱ्याला त्याचं काय.)

मग तो रकाना: कोणी वापरली, किती वापरली.
दादा गेला तेव्हा पेपरात छापून आलं,
'ग्वाल्हेरचा धडाडीचा फॉरवर्ड'.
तो बॅक होता.
आणि बहुतेक सामने बाकावर.
संत्र्याच्या फोडी वाटायचा, दुसऱ्यांचे बूट उन्हात मांडायचा,
उतरवलाच तर शेवटची सात मिनिटं,
सामना जिंकून झालेला असताना.
तसंच लिहिलं. वर हेही लिहिलं
की म्हणूनच काठी इतकी चांगली राहिली आहे.

भाचा फोनवर ओरडला, "आत्या,
बाप माझा, आणि बाकावर कशाला बसवतेस? भाव पडेल."
पडला.
दोन दिवस चार हजार दोनशेच्या पुढे हलेना.

जालंधरच्या एकाने आडून निरोप धाडला:
लिलाव बंद करा, नऊ हजार आत्ता देतो, कळणार कोणाला?
म्हटलं, भाऊ, रांग आहे.
खिडकीत कडेने हात घालणाऱ्याला
मी कधी तिकीट दिलं नाही,
पोस्टमास्तरच्या मेहुण्यालासुद्धा.
त्याने हसरा चेहरा पाठवला.
बोली मात्र लावली नाही.

शेवटच्या रात्री एकजण
दहा-दहा रुपयांचे चिमटे काढत बसला होता.
मिरजेचे कोणी द. वि. निगुडकर
एकदाच बोलले: सहा हजार आठशे एक्कावन्न.
घड्याळ संपलं.

मग निगुडकर चार दिवस गप्प.
पैसा नाही, शब्द नाही.
भाचा म्हणाला, वाईट शेरा टाक, नाव काळं कर.
पण मनीऑर्डरी काय वेळेवर यायच्या?
उशीर म्हणजे लबाडी नव्हे,
निदान सातव्या दिवसापर्यंत.

पाचव्या दिवशी पैसे आले, मागोमाग एक ओळ:
पेन्शन एक तारखेला होते, आधीच सांगायला हवं होतं, चुकलं.
मीही माझी चूक कळवली:
वजन सहाशे चार. तेव्हा काट्यावर
सुतळीचा तुकडा राहिला होता.

मांजरपाटात शिवली. टाके जवळजवळ,
गाठींवर लाख.
सोबत गजक घालावी असं मनात आलं,
मुंग्या लागतील म्हणून राहू दिलं.
नई सडकेवरचा कुरियरचा पोरगा म्हणाला,
"मावशी, टेप मारली असती तरी चाललं असतं."
चाललं असतं.
पावती मागून घेतली, दोनदा वाचली,
आणि रिकाम्या हातांनी घरी येताना
हात कुठे ठेवावेत ते कळेना.

नवव्या दिवशी शेरा आला.
तारे पाच, शब्द एक:
वर्णनाप्रमाणे.

कपाटातून पेपराचं कात्रण काढलं.
'फॉरवर्ड'वर निळं पेन फिरवलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं, बॅक.
या खेपेला
मारायला कोणी नव्हतं.